शाळेचा ब्लॉग : आधी वाचक शोधा, मग खाते उघडा

पाचवीतल्या मुलीने ‘माझा आवडता सण’ हा निबंध लिहिला, की तो वाचणारे माणूस जगात एकच असते आणि तेही हातात लाल पेन घेऊन वाचते. समोर चाळीस वह्यांचा गठ्ठा आणि त्यात चाळीस दिवाळ्या. सगळ्यांत अभ्यंगस्नान, फराळ आणि फटाके, तेही त्याच क्रमाने. या निबंधातून शिक्षकाला नवे काही कळणार नसते आणि हे मुलीलाही पक्के ठाऊक असते. म्हणून ती गाईडमधले पहिले वाक्य उतरवते, पान भरते आणि मोकळी होते. आपण याला कधी वाचनाचा अभाव म्हणतो, कधी मोबाइलचे व्यसन. मला दुखणे निराळे वाटते. शाळेत होणारे जवळजवळ सगळे लेखन बिनवाचकाचे असते. शाळेने ब्लॉग सुरू करावा का, या प्रश्नाकडे इथून पाहिले तर बरेच गोंधळ आपोआप मिटतात. ब्लॉगचा शाळेला खरा उपयोग एकच, मुलाच्या लेखनाला वर्गाबाहेरचा वाचक मिळवून देण्याचा. तो मिळणार नसेल तर ब्लॉग काढण्याची तसदी घेऊ नये.

ही कल्पना इंटरनेटहून बरीच जुनी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला बार-सुर-लू नावाच्या डोंगरी गावात सेलेस्तँ फ्रेने हे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे वर्गात सलग बोलणे त्यांना जड जाई. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले गावात, शेतात फिरून येत, पाहिलेले लिहीत, त्यातला एक मजकूर मतदानाने निवडत आणि एकेक खिळा जुळवून छापत. पुढे समुद्रकाठच्या ब्रिटनीतल्या एका शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाली. चुकीचा खिळा लागला तर चूक प्रत्येक प्रतीत उमटणार आणि दूरच्या शाळेतली मुले ती वाचणार, म्हणून शुद्धलेखनाची काळजी मुलांना स्वतःहून वाटू लागली. आपल्याकडे हस्तलिखिताची परंपरा आहे, ती याच जातीची. पण आपले हस्तलिखित वर्षातून एकदा निघते, वळणदार अक्षराच्या दोघातिघांकडून लिहवून घेतले जाते, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशित होते आणि मग मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. प्रकाशन होते, वाचन राहून जाते.

वाचक बदलला की लेखन बदलते, याला अभ्यासाचा आधार आहे. मोशे कोहेन आणि मार्गारेट रील यांचा इस्राएलमधल्या सातवीच्या मुलांवरचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी एकाच विषयावर दोनदा लिहिले, एकदा परीक्षेतल्या गुणांसाठी शिक्षकाला उद्देशून आणि एकदा परदेशातल्या समवयस्क मुलांसाठी. गुण मिळणार होते त्या लेखनापेक्षा अनोळखी मुलांसाठी केलेले लेखन सरस ठरले. ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टने २००९ मध्ये ८ ते १६ वयाच्या सुमारे ३,००० मुलांची पाहणी केली. ब्लॉग लिहिणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना लिहायला आवडत होते, न लिहिणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. हे आकडे सभेत फेकायला सोयीचे आहेत, पण जपून वापरावेत, कारण लिहायची आवड असलेली मुलेच ब्लॉगकडे वळली असण्याचा संभव मोठा आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा २००७ चा आढावा. चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. लेखनाचा आराखडा करायला आणि ते पुन्हा तपासून सुधारायला शिकवणे, मुलांनी जोडीने किंवा गटाने लिहिणे, यांचा परिणाम ठळक होता. संगणकावर लिहिण्याचा परिणाम मध्यम होता आणि व्याकरणाच्या सुट्या पाठांचा उणे. म्हणजे नुसते साधन हाती दिल्याने फारसे होत नाही. त्याच्या भोवती आराखडा, जोडीदार आणि पुनर्लेखन उभे केले तर होते.

म्हणून साधन निवडताना सर्वांत साधे निवडावे आणि त्यात डोके फार खर्च करू नये. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ते गूगलकडे गेले, ते फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवते. वर्डप्रेसची फुकट सेवाही चालते, मात्र तिथे पानावर जाहिराती येऊ शकतात आणि कोणती येईल ते आपल्या हातात नसते. ब्लॉगरमध्ये सजावट, फिरत्या पट्ट्या, पाहुण्यांची संख्या मोजणारे यंत्र यांच्या नादी लागू नये. पांढरी पाटी आणि काळी अक्षरे पुरेत, गावातल्या जुन्या फोनवरही ती झटकन उघडतात. सेटिंगमध्ये मात्र तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. कमेंट शिक्षकाने मंजूर केल्याशिवाय दिसणार नाही अशी व्यवस्था करावी. ब्लॉग शोधयंत्रांना दिसावा की नाही ते ठरवावे. पहिले वर्षभर न दिसलेलाच बरा. आणि ‘वाचक कोण’ या ठिकाणी सर्वांसाठी खुला ठेवायचा की निमंत्रितांपुरता, हे पालकांशी बोलून ठरवावे. निमंत्रितांपुरता ठेवला तर प्रत्येक वाचकाला ईमेलने बोलवावे लागते. दोन शाळांच्या देवाणघेवाणीला ते जमते, गावभर पालकांना जमत नाही.

खाते कोणाच्या नावाने काढायचे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण जिल्हा परिषद शाळांचे कितीतरी ब्लॉग इथेच संपतात. उत्साही गुरुजी स्वतःच्या ईमेलवर ब्लॉग काढतात, तीन वर्षे चालवतात, बदली होते आणि ब्लॉग त्यांच्याबरोबर जातो. खाते शाळेच्या नावाने काढावे आणि पासवर्ड लिहिलेला कागद बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवावा. चार्ज देताना यादीत दप्तर, कपाटाच्या किल्ल्या, पोषण आहाराचा साठा यांच्याबरोबर ब्लॉगचाही उल्लेख असावा. पडताळणीचा संकेत ज्या सिमवर येतो ते सिम बदली झालेल्या बाईंच्या पर्समध्ये गेले तर पासवर्ड असूनही दार उघडत नाही, तेव्हा तो क्रमांकही बदलून घ्यावा. शिवाय वर्षातून दोनदा, समजा दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, सगळ्या मजकुराची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी. फुकट सेवा बंद पडतात. ईमेलने पोस्ट टाकता येते म्हणून सोयीचे असलेले पोस्टरस २०१३ मध्ये बंद झाले, आणि ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडल्याचे पुष्कळांना आठवत असेल.

आता मुख्य काम, वाचक मिळवण्याचे. इंग्लंडमधल्या बोल्टन इथले शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी ‘क्वाडब्लॉगिंग’ नावाची युक्ती चालवली. चार शाळांचा एक गट. दर आठवड्याला त्यातल्या एका शाळेची पाळी आणि त्या आठवड्यात बाकीच्या तीन शाळांतल्या मुलांनी तिच्या ब्लॉगवर वाचून लिहायचे. चार आठवड्यांत प्रत्येकीला वाचक मिळतात आणि प्रत्येकीला वाचावेही लागते. आपल्याकडे हे अधिक सोपे आहे, कारण शिक्षकांची ओळख जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली असते. गटातल्या शाळा एकाच केंद्रातल्या मात्र नसाव्यात. शेजारच्या गावाला आपल्या गावाचे काय सांगणार? एक शाळा रत्नागिरीकडची, एक मराठवाड्यातली, एक मेळघाटाच्या पायथ्याची, एक मुंबई महापालिकेची, असा गट जमला तर प्रत्येक वर्गापाशी दुसऱ्यांना माहीत नसलेले काहीतरी असते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात. तिथल्या मुलांना सोप्या, चालू मराठीत लिहिलेला ताजा मजकूर हवाच असतो. पाचवा वाचक म्हणून त्यांचा विचार जरूर करावा.

वाचक मिळाला की काय घडते, हे एका उदाहरणात पाहू. विषय आहे आठवडी बाजार. पहिला मसुदा बहुधा असा येतो : ‘आमच्या गावात मंगळवारी बाजार भरतो. बाजारात खूप गर्दी असते. तिथे भाजी, फळे, खेळणी आणि बैल मिळतात. मला बाजार खूप आवडतो.’ यात चूक एकही नाही आणि कळत काहीच नाही. शिक्षकाने शेरा मारला, ‘अधिक वर्णन करा’, तर गर्दीला एक विशेषण जोडले जाईल. पण कोकणातल्या मुलाने कमेंटमध्ये विचारले, ‘बैलांचा भाव कोण ठरवतो? आमच्याकडे बैलबाजार नाही’, तर लिहिणाऱ्याला पुढच्या मंगळवारी बाजारात जाऊन उभे राहावे लागते. मग दुसऱ्या मसुद्यात येते, की दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबून भाव सांगतात, तोंडाने कोणी काही बोलत नाही आणि मध्येच एकजण हात झटकून निघून जातो. कोणते बोट धरले म्हणजे किती, हे मुलाने आजोबांना विचारून लिहिले तर मजकूर आणखी पुढे जातो. वर्णन कसे करावे हे इथे कोणी शिकवले नाही. समोरच्याला माहीत नाही, एवढी जाणीव त्याला पुरली. याच कारणाने विषय स्थानिक हवेत. गावच्या विहिरींना मार्चमध्ये किती परस पाणी उरते, एसटीची मुक्कामी गाडी बंद झाल्यापासून कोणाचे काय अडले, भाकरी कशाकशाच्या होतात, पोळ्याला बैलांची शिंगे कशाने रंगवतात. ‘पाऊस पडला नाही तर’ या निबंधाला आता कायमची सुट्टी द्यायला हरकत नाही.

विषय स्थानिक ठेवण्याने आणखी एका आक्षेपाला उत्तर मिळते. मुले नेटवरून उचलतील, नाहीतर मजकूर यंत्राकडूनच लिहून घेतील, अशी भीती आता सगळ्यांना आहे आणि ती रास्त आहे. पण आजोबांनी सांगितलेला भाव आणि गल्लीतल्या विहिरीचे पाणी कुठल्याही यंत्राला ठाऊक नसते. शिवाय पहिला मसुदा वर्गातच, वहीत, पेन्सिलीने लिहिला जावा. त्यामुळे साधनांच्या टंचाईचा प्रश्नही बराचसा सुटतो. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरणारी मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. फोन नाही असे नाही, त्याचे शाळेशी नाते नाही. तरीही मी मुलांनी घरून फोनवर पोस्ट टाकावी असे म्हणणार नाही. शाळेतला एक फोन किंवा एक संगणक पुरतो. वर्गात दोघांची ‘टंकलेखन जोडी’ असावी, ती दर आठवड्याला बदलावी. एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे. मराठी बोलून टाइप करण्याची सोय फोनमध्ये आहे, पण ती विरामचिन्हे गाळते आणि गावाकडच्या शब्दांऐवजी भलतेच शब्द टाकते, म्हणून बोलल्यानंतर तपासणे अटळ. शाळेच्या जुन्या संगणकावरचा कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर थेट चिकटवला तर ब्लॉगवर अगम्य अक्षरे उमटतात, युनिकोडच वापरावे. आणि ‘दऱ्या’ लिहिताना नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यायचा, नाहीतर डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. बारीकसारीक वाटेल, पण मुलांना या गोष्टी हौसेने शिकायला आवडतात.

शुद्धलेखनावरून मात्र शाळांत खरी कुचंबणा होते. चुका जगाला दिसल्या तर शाळेची अब्रू जाईल, म्हणून शिक्षक मजकूर स्वतः लिहितात आणि खाली मुलाचे नाव घालतात. ही सर्वांत वाईट वाट. ‘सृष्टीने हिरवा शालू परिधान केला’ असे वाक्य तिसरीतल्या मुलाच्या नावावर वाचले की वाचकाला सगळे कळते, आणि मुलाला तर आधीच कळलेले असते. मी तीन थरांची तपासणी सुचवीन. आधी जोडीदाराने वाचायचे आणि न कळलेली जागा दाखवायची. मग लेखकाने स्वतः दुरुस्त करायचे. शेवटी शिक्षकाने ऱ्हस्वदीर्घ आणि विरामचिन्हे पाहायची, वाक्याला हात लावायचा नाही. घरची बोली आली असेल, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, तर ती चूक धरू नये. वाटल्यास खाली एका ओळीत अर्थ द्यावा. एखादी चूक राहून गेली तर राहू द्यावी, ब्लॉगवर ती मागाहून दुरुस्त करता येते आणि वाचणारी मुले ती बरोबर पकडतात.

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला थट्टेवारी नेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूल मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. गूगलचे खाते स्वतः सांभाळायला भारतात वयाची किमान १३ वर्षे लागतात. म्हणून प्राथमिक वर्गांत मुलांना स्वतंत्र खाती काढून देऊ नयेत, पोस्ट शाळेच्या एकाच खात्यातून शिक्षकाने टाकावी. पालकसभेत ब्लॉग उघडून दाखवावा आणि मग लेखी संमती घ्यावी, नुसता फॉर्म घरी पाठवून अंगठा आणवू नये. लेखकाचे फक्त पहिले नाव किंवा त्याने निवडलेले टोपणनाव द्यावे. चेहऱ्याचे फोटो टाकू नयेत. चित्र, वस्तू, हात, वहीचे पान यांचे टाकावेत. एखाद्या मुलाच्या मजकुरात घरातले भांडण, आजार, कर्ज आले तर तो मजकूर मोलाचा असला तरी ब्लॉगवर जाऊ नये. तो शिक्षकाने वाचावा, मुलाशी बोलावे. ही शेवटची गोष्ट कुठल्याच सेटिंगमध्ये नसते, ती शिक्षकालाच पाहावी लागते.

‘मग व्हॉट्सअॅप ग्रुप काय वाईट?’ हा प्रश्न हमखास येतो. ग्रुप पोचवायला चांगला, साठवायला निकामी. सकाळच्या शुभेच्छांखाली मुलाची कविता दुपारपर्यंत गाडली जाते, आणि प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो तो वेगळाच. दोन्ही वापरावेत. मजकूर ब्लॉगवर ठेवावा, लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकावी, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी एक छापील प्रत शाळेच्या फलकावर लावावी. ‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप अधिक खरा आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजच्या ऑनलाइन माहित्या यांत शिक्षक बेजार आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी एक उपक्रम ठेवला तर तो फोटोपुरता होईल. म्हणून ब्लॉग जादा काम म्हणून सुरूच करू नये. एखादा निबंध वजा करावा आणि त्या जागी ब्लॉगचा मजकूर घ्यावा. आकारिक मूल्यमापनात उपक्रम आणि प्रकल्प यांना जागा आहेच, तिथे त्याची नोंद करावी. आठवड्याला एक पोस्ट पुरे. चाळीस मुलांच्या वर्गात वर्षभरात प्रत्येकाची एकदा पाळी आली तरी बिघडत नाही, कारण दर आठवड्याला वाचून कमेंट लिहिण्याचे काम सगळ्यांना असते. ‘छान’, ‘मस्त’ या कमेंटवर बंदी घालावी. कमेंटमध्ये एक प्रश्न असलाच पाहिजे, एवढा एकच नियम ठेवला तरी बैलबाजाराच्या उदाहरणातले सगळे घडू लागते.

शिक्षकांच्या ब्लॉगबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. महाराष्ट्रात शिक्षकांचे ब्लॉग पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही फार लोकप्रिय आहेत. तिथे शासननिर्णय मिळतात, चाचण्यांचे नमुने मिळतात आणि निकालपत्रकात उतरवायला तयार ‘वर्णनात्मक नोंदी’ मिळतात. खरे तर मुलाकडे नीट पाहून शिक्षकाने स्वतः लिहावी म्हणून ती नोंद आली. ती डाउनलोड करावी लागते, यात गाईडमधून निबंध उतरवणाऱ्या मुलीचीच गोष्ट आहे, फक्त वय वाढलेले. शासननिर्णयांचा साठा उपयोगी आहे, तो राहो. पण त्याच्या शेजारी शिक्षकाने पंधरा दिवसांतून एकदा दीडदोनशे शब्द स्वतःच्या वर्गाविषयी लिहावेत : अपूर्णांक शिकवताना मुले कुठे अडली, कोणते साहित्य चालले, कोणते फसले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत असे दोन मजकूर आधी वाचून यावेत आणि त्यावर अर्धा तास बोलावे. मुलांना पुनर्लेखन करायला सांगणाऱ्याने स्वतः कधीतरी लिहून पाहिले पाहिजे, इतकी साधी मागणी आहे ही.

एक धोका मात्र आधीच पत्करावा लागेल. मुलांना वाचक मिळाला की ती खरे लिहितात. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने ‘नेव्हरसेकंड्स’ या ब्लॉगवर शाळेतल्या जेवणाचे फोटो आणि त्याला दिलेले गुण लिहायला सुरुवात केली. ब्लॉग गाजला, तसा स्थानिक परिषदेने फोटो काढण्यावर बंदी घातली. त्यावर एवढा गदारोळ झाला, की बंदी लगेच मागे घ्यावी लागली, आणि त्याच ब्लॉगवरून गरीब देशांतल्या मुलांच्या शालेय जेवणासाठी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. आपल्याकडे एखाद्या मुलाने खिचडीबद्दल लिहिले तर काय होईल, याची कल्पना प्रत्येक मुख्याध्यापकाला आहे. यावर आधीच ठरवून ठेवावे. व्यक्तीवर टीका छापायची नाही, वस्तुस्थिती छापायची, आणि ती छापण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालायची. समितीला हे अजिबात चालणार नसेल तर ब्लॉग उघडूच नये, कारण मग त्यावर फक्त झेंडावंदनाचे आणि वृक्षारोपणाचे फोटो येतील.

शाळा जूनमध्ये सुरू होते. तोपर्यंत खाते, नाव, सजावट यातले काही करू नका. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, ओळखीच्या एका शिक्षकाला फोन करा आणि एवढेच विचारा, की तुमचा वर्ग दर आठवड्याला आमच्या मुलांचे एक पान वाचून दोन प्रश्न विचारेल का, आम्हीही तुमचे वाचू. होकार आला तर खाते उघडायला अर्धा तास लागतो. नकार आला तर दुसऱ्याला फोन करा.